दोन किनारे अंगावर घेतलेला पुठ्ठा

मी एक पुठ्ठा. हसू नका! पुठ्ठ्याला कसलं आलंय चरित्र, असं तुम्हाला वाटणार. पण माझ्या डाव्या अंगावर स्कॉटलंड आहे, उजव्या अंगावर कॅनडाचा पश्चिम किनारा आहे आणि मधे अटलांटिक महासागर ओलांडणारा एक लाल बाण आहे. असं किती पुठ्ठ्यांच्या नशिबी येतं, सांगा बरं?

माझा जन्म रद्दीच्या लगद्यातून झाला. शिळी वर्तमानपत्रं, भरलेल्या वह्या, फुटकी खोकी, सगळं एकत्र रगडून मला बनवलं. मग एका वॉशिंग मशीनभोवती मला उभं केलं आणि सिंगापूरला, पुंगोलला पाठवलं. साल दोन हजार सहा. पुंगोल तेव्हा इतकं नवं होतं की हवेतसुद्धा रंगाचा वास यायचा. रोज कुणा ना कुणा जोडप्याचं नवं घर लागायचं, आणि रोज माझ्यासारखी खोकी खाली येऊन पडायची.

मशीन अकराव्या मजल्यावर गेलं. मी खाली, इमारतीच्या पोटातल्या मोकळ्या जागेत. या जागेला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे पुठ्ठे गोळा करणारी एक वयस्क चिनी आँटी आली. तिने पायाने दाबून मला सपाट केलं आणि गाडीवर घालणार, इतक्यात धावत एक मुलगी आली. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, धाप लागलेली.

"आँटी, दिस वन कॅन गिव्ह मी?"

"यू मूव्हिंग हाऊस, आ?"

"नो लाह, स्कूल प्रोजेक्ट!"

"टेक, टेक. स्टडी हार्ड," म्हणत आँटीने मला तिच्या हातात दिलं.

ही इरा. वय पंधरा. बाबा निशिकांत बँकेत, आई मीनल घरून भाषांतराची कामं करायची. पुण्याहून येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती.

झालं असं होतं की इराच्या बाई, मिसेस को, यांनी वर्गात दोन डबे फिरवले होते. दोन्हींतून एकेक चिठ्ठी उचलायची. निघतील त्या दोन समाजांच्या आर्थिक आणि सामाजिक परिस्थितीची तुलना करायची, आणि ती आंतरशालेय प्रदर्शनात मांडायची. इराला पहिल्या डब्यातून निघाले स्कॉटिश. दुसऱ्यातून निघाले त्सिमशियन. अख्खा वर्ग हसला म्हणे.

"त्सिम... काय?" बाबांनी विचारलं.

"त्सिमशियन. कॅनडात स्कीना नावाची नदी समुद्राला मिळते ना, तिथले मूळ रहिवासी."

"चिठ्ठी बदलून घे. जपान घे, कोरिया घे. आकडे तरी मिळतील."

"मला हेच हवंय, बाबा. कुणालाच काही माहीत नाही, सो एक्सायटिंग!"

बाबांनी सुस्कारा सोडला. पण रविवारी सकाळी माझे तीन भाग करायला तेच पट्टी आणि कटर घेऊन बसले. घड्या अशा अचूक पाडल्या की मी पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभा राहिलो! खोकं असताना पोटात मशीन होतं म्हणून उभा होतो. आता माझा मी.

मग जे तीन आठवडे गेले ते मी कधी विसरणार नाही. इरा लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि जेवणाच्या टेबलावर एकेक गोष्ट फटाक्यासारखी फोडायची.

"आई, ऐक ना! स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीनदारांना मेंढ्या पाळायच्या होत्या, म्हणून त्यांनी माणसांना घराबाहेर काढलं. समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर नेऊन टाकलं. शाळेत त्यांची गेलिक भाषा बोलायची नाही. मग पोरं काय करणार? काही जण कॅनडात फर विकणाऱ्या कंपनीत नोकरीला गेले. आणि त्या कंपनीने किल्ला कुठे बांधला असेल? त्सिमशियन लोकांच्या किनाऱ्यावर!"

"म्हणजे घराबाहेर काढलेले लोक दुसऱ्यांच्या घरी जाऊन बसले?" आई म्हणाली.

इरा ताडकन उठली आणि तिने माझ्या मधल्या भागावर तो लाल बाण काढला. बाणाच्या टोकाशी मला गुदगुल्या झाल्या, पण आईचं वाक्य ऐकून अंगावर काटाही आला.

तुलनेच्या तक्त्यात 'संपत्ती' असा एक रकाना होता. तिथे बाबा अडले. त्सिमशियन समाजात मोठा माणूस कोण, तर जो मोठी मेजवानी घालून लोकांना जास्तीत जास्त वाटून टाकतो तो.

"वाटून टाकली ती संपत्ती कशी?" बाबा म्हणाले. "पंधरा वर्षं बँकेत आहे मी."

"हो का?" आई भेंडी चिरता चिरता म्हणाली. "उल्हासभावजींच्या लग्नात तुमच्या वडिलांनी गावाला आहेर वाटले, त्याबद्दल अजून कौतुक ऐकता ना? तो मान कुठल्या खात्यात जमा आहे?"

बाबा हसत सुटले. "लिही, इरा, लिही. मान हीसुद्धा मिळकत."

"आणि कूळ आईकडून चालतं," इराने पुढचा बार उडवला. "गरुड, कावळा, लांडगा, किलर व्हेल. एकाच कुळात लग्न नाही. म्हणजे मी आईच्या कुळातली, आणि बाबा, यू आर द गेस्ट!"

त्या दिवशी बाबांना पाहुणे म्हणून पहिली पोळी वाढली गेली.

मला सगळ्यात आवडतं ते माझ्यावरचं हातांचं चित्र. स्कॉटलंडच्या बायका बंदरोबंदरी हेरिंग मासे साफ करायला जायच्या. सुरीने कापू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. तिकडे त्सिमशियन बायका डबाबंद सॅल्मन माशांच्या कारखान्यात गार पाण्यात उभ्या राहायच्या. इराने दोन्हीकडचे हात काढायचं ठरवलं आणि आईला समोर बसवलं. डावा हात स्कॉटिश झाला, उजवा त्सिमशियन. एका बाईचे दोन हात, मधे महासागर. आई नंतर किती तरी वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसली होती.

सगळं चिकटवून झालं. छापील अक्षरं, सरळ कडा, कुठे डिंकाचा डाग नाही. आरशात बघायला मिळालं असतं तर मी दिवसभर हललो नसतो! बाबांनी माझा फोटो काढला. इराने तो त्सिमशियन वस्तीतल्या एका शाळेला ईमेलने पाठवला. पत्ता तिने पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवला होता.

प्रदर्शनाला दोन दिवस राहिले असताना उत्तर आलं. तिथल्या लोरेन नावाच्या शिक्षिकेचं. इरा ते उभ्यानेच मोठ्याने वाचायला लागली. अक्षरं इंग्रजी होती, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"प्रिय इरा, सिंगापूरच्या मुलीने आमच्याबद्दल एवढं वाचलं, याचा आम्हाला फार आनंद झाला. हातांचं चित्र वर्गात सगळ्यांना दाखवलं. माझी आजी त्याच कामावर होती. पण एक विचारू? स्कॉटिश लोकांबद्दल तू लिहितेस, ते 'राहतात', 'बोलतात', 'काम करतात'. आमच्याबद्दल लिहितेस, आम्ही 'राहत होतो', 'बोलत होतो', 'मासे पकडत होतो'. माझा भाऊ आज सकाळीच बोट घेऊन गेलाय. आम्ही आहोत, बरं का."

इरा वाचता वाचता थांबली. तिचे कान लाल झाले. ती माझ्यापाशी आली आणि बोट ठेवत ठेवत मोजू लागली. अकरा जागी 'होते'. अकरा! माझ्याच उजव्या अंगावर, आणि मी मिरवत उभा होतो. इतकी शरम मला व्हॉइड डेकवर पायाखाली आलो तेव्हाही वाटली नव्हती.

"काही हरकत नाही," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी ऑफिसात नवं छापून आणतो. वर चिकटवून टाकू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तेच नको, बाबा. कळायला पाहिजे."

"अगं, नीटनेटकेपणाला वीस गुण आहेत! खाडाखोड केलीस तर गेलीस."

"मी जिवंत माणसांना संपवलं, बाबा. आणि मला कळलंसुद्धा नाही. पुस्तकांत तसंच होतं म्हणून तसंच लिहिलं. हे झाकलं तर बघणाऱ्यांना पण कळणार नाही ना."

बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तिचा प्रोजेक्ट आहे."

इराने लाल पेन उचललं. एकेक 'होते' खोडलं आणि वर 'आहेत' लिहिलं. अकरा वेळा. शेजारी लोरेनचं पत्र चिकटवलं. शेवटचं 'होते' खोडताना शाई जरा पसरली. पसरू दे! मला तर वाटलं, माझ्या उजव्या अंगात कुणीतरी रक्तच भरतंय.

प्रदर्शन आंग मो किओच्या एका शाळेत होतं. टॅक्सीत मी मावेना. मग मला घेऊन बापलेक निघाले, आधी एलआरटी ही छोटी गाडी, मग एमआरटी म्हणजे मेट्रो, मग बस. एलआरटीत एक छोटा मुलगा माझ्यावरच्या किलर व्हेलला हात लावायला धडपडत होता. काय थाट होता माझा!

हॉलमध्ये शंभरएक बोर्ड. गुळगुळीत, चकचकीत, काहींवर तर दिवे लुकलुकत होते. आणि मी, लाल खाडाखोडीचा. पण सांगतो, लोक माझ्यापाशीच थांबत होते. "हे खोडलंय का?" प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच. इरा सांगायची, आणि विचारणारा पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागायचा.

परीक्षक आले. मिस्टर रॉस, उंच, पाठीत वाकलेले, पूर्वी इथल्या जहाजदुरुस्तीच्या कामावर असलेले स्कॉटिश गृहस्थ. त्यांनी डावं अंग वाचलं, उजवं वाचलं. मग कोरड्या आवाजात विचारलं, "या दोघांत जास्त कोणी सोसलं? तुलना म्हणजे निष्कर्ष हवा."

बाबा मागे उभे होते. त्यांनी टायची गाठ चाचपली.

"सर, सुरुवात सारखी दिसते," इरा म्हणाली. "दोघांची जमीन गेली, दोघांच्या भाषेला शाळेत बंदी. पण १८८६ मध्ये स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यांना जमिनीवरून उठवता येईना. पुढच्याच वर्षी त्सिमशियन पुढारी आपली जमीन मागायला सरकारकडे गेले. त्यांना नाही म्हणून परत पाठवलं. त्यांच्या मेजवानीवर तर आधीच बंदी आणली होती. म्हणून माझा निष्कर्ष असा, की दुःख सारखं असलं तरी ऐकून घेणारं कोणी मिळालं की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं."

मिस्टर रॉस यांनी खिशातून चष्म्याचं फडकं काढलं आणि हातांच्या चित्राशी वाकले.

"माझी आजी," ते हळूच म्हणाले, "पिठाच्या पोत्याच्या चिंध्या बांधायची. तरी मिठाने बोटं चरचरायची." मग सरळ होत म्हणाले, "नीटनेटकेपणाचे गुण मात्र मला कापावे लागतील, मुली. नियम आहे."

"ओके, सर," इरा म्हणाली, आणि चक्क हसली.

आमचा चौथा नंबर आला. बक्षीस तिघांनाच. पण निकालानंतर बघतो तर काय, निशिकांतराव टाय सैल करून माझ्याशेजारी उभे आणि भोवती दहाबारा माणसं! "लुक हिअर, वेल्थ मीन्स व्हॉट यू गिव्ह अवे," असं ते अगदी रंगून सांगत होते. 'त्सिमशियन' त्यांना अजून नीट म्हणता येत नव्हतं, पण आवाज हॉलभर घुमत होता. इरा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मला तर पहिला नंबरच आल्यासारखं झालं!

तिने सगळी हकिकत लोरेनला कळवली. उत्तर चारच दिवसांत आलं. वर्गातल्या मुलांना मी हवा होतो. फोटो नको, खराखुरा मी!

तर आता माझ्या घड्या मिटल्या आहेत, भोवती बुडबुड्यांचं प्लास्टिक आहे आणि मी जुरोंग ईस्टच्या एका कुरिअर ऑफिसच्या काउंटरवर आडवा पडलोय. आई पत्त्यातलं एकेक अक्षर तपासतेय. बाबा तिसऱ्यांदा विचारतायत, "फोल्ड होणार नाही ना?" इरा मला चिकटून उभी आहे. रडतेय की हसतेय, कळत नाही.

इरा, येतो गं. आणि वाचकहो, तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणाबद्दल लिहायला बसलात तर लिहिलेलं एकदा त्यांनाच वाचून दाखवा. उत्तर यायला चार दिवस लागतात, फार नाही.

गार वारा, देवदारांचं रान, खाऱ्या पाण्यात शिरणारी नदी, सगळं मला बघायचंय! तिथली मुलं आधी माझ्यातल्या राहिलेल्या चुका काढतील, असं इरा म्हणते. काढू देत. त्यासाठीच तर निघालोय.