लेबल कॅल्शियमचं

मी एक प्लास्टिकची बाटली बोलतेय. माझ्या अंगावर ‘कॅल्शियम’ असं लिहिलंय, त्यावर जाऊ नका. त्या गोळ्या केव्हाच संपल्या. उलव्याच्या या घरात शर्मिलाने मला धुऊन-पुसून घेतलं आणि माझ्यात एचआयव्हीच्या गोळ्या भरल्या, महिन्याच्या तीस. वाजू नयेत म्हणून वर कापूस कोंबला. सासूला, गिरजाबाईंना, पत्ता लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

सल्ला तिच्या नवऱ्याचा, अभयचा. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनआधीच्या तपासणीत शर्मिलाला हा आजार निघाला, तेव्हा तो म्हणाला, “टेन्शन घेऊ नको. माझा रिपोर्ट क्लीन आलाय. फक्त आईला कळू देऊ नको.” शर्मिलाने त्याचे पाय धरले. कुठल्या तरी सुईतून आपणच हे घरात आणलं, असं समजून ती मान खाली घालून राहू लागली.

संध्याकाळी कुकर उतरवला की ती डाळीच्या डब्यामागून मला काढायची आणि एक गोळी घ्यायची. मी भरलेली असताना एकही दिवस चुकली नाही. मी साक्षीला आहे.

तरी माझा तळ विसाव्या दिवशीच दिसायचा. पुढचे दहा दिवस बिचारी तशीच काढायची. गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रात लवकर गेलं तर तिथल्या मॅडम रागावतील, ही भीती. मग तपासणीत विषाणू वाढलेले दिसले.

“शर्मिलाताई, गोळ्या चुकवताय तुम्ही,” मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन ती रडली, तर अभय म्हणतो, “तूच दोन-दोन खात असशील. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” चोर तो चोर, वर शिरजोर!

कारण सकाळी ती आंघोळीला गेली की एक दिवसाआड मला उघडणारा हात त्याचाच होता. त्यालाही तोच आजार, तिच्याही आधीपासूनचा. रबाळ्याच्या कंपनीतलं कोणी रांगेत बघेल, म्हणून हा केंद्राची पायरी चढायचा नाही. कुंपणच शेत खात होतं, आणि मी नुसती बघत होते. तोंड असून ओरडता येत नाही, याची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

गेल्या आठवड्यात शर्मिला विसरलेला टॉवेल न्यायला परत आली. अभयच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात गोळी.

“तुमाला पण आहे?” तिने विचारलं. “कधीपासून?”

“लग्नाआधीपासून,” तो पुटपुटला. “तुझ्या नावाने मिळतातच ना, म्हणून...”

“दोन वर्षं मी तुमची माफी मागतेय, अभय.”

नवऱ्याला नावाने हाक मारताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

तिने मला पालथी केली, उरलेल्या गोळ्या आपल्या पर्समध्ये ठेवल्या आणि त्याच दिवशी केंद्रात जाऊन सगळं सांगितलं. त्यालाही ‘चला’ म्हणाली होती. तो गेला नाही.

आता मी रिकामी. अभय मात्र अजून सकाळी मला उचलतो, हलवून बघतो. अरे, तिच्या गोळ्या खाल्ल्यास, तिचा विश्वासही खाल्लास. आता माझ्यात काय शोधतोस? केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. तिथे स्वतःचं नाव सांगावं लागतं. सांग एकदा, बाबा.