मालतीबाईंच्या मागे

मालतीबाई सुरत सोडून मुलाकडे नाशिकला चालल्या, ही बातमी तिथल्या नवागाम वस्तीत पसरली तेव्हा बायकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो एकच. "मग दलाचं काय?"

दल म्हणजे उभारी कन्या दल. मालतीबाई बालवाडीच्या शिक्षिका. अमळनेरकडचं कुटुंब, नवरा लूमच्या खात्यावर, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कामाला होता. वस्तीतल्या पोरी शाळा सुटली की साड्यांच्या गठ्ठ्यात बुडून जातात, चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की आईच्या पदराआड लपतात, हे बाई रोज बघत होत्या. म्हणून त्यांनी रविवारी दुपारी पोरींना सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोलवायला सुरुवात केली. नियम एकच. दर महिन्याला एक पोरगी प्रमुख, आणि प्रमुख सांगेल तसं चालायचं. बाई स्वतः मागे भिंतीला टेकून बसत. एखादी पोर अडखळली, रडकुंडीला आली, तरी तोंड उघडत नसत. पोरी चिडायच्या, "बाई, तुम्ही काही सांगत का नाही?" बाई म्हणायच्या, "मी सांगितलं तर तू काय करशील?"

सोनाली त्या दलाची जुनी पोर. ती चौदाची असताना शाळेच्या वाटेवरचे दिवे कित्येक महिने बंद होते. त्या महिन्याची प्रमुख तीच. पोरींना घेऊन ती पालिकेच्या झोन ऑफिसला गेली. तिथला माणूस हसून म्हणाला, "किसी बड़े को भेजो." सोनाली म्हणाली, "साहेब, त्या अंधारातून आम्ही जातो, बड़े जात नाहीत." दिवे लागायला पावसाळा उजाडला, पण लागले. त्यानंतर वस्तीत तिला लोक नावाने ओळखू लागले. चेतनच्या घरच्यांनीसुद्धा 'ती दिव्यावाली पोर' म्हणूनच मागणी घातली होती.

आता चेतन खाटेवर होता. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये ओल्या जिन्यावरून घसरून तो डोक्यावर पडला, त्याला दोन वर्षं होत आली होती. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, आणि अधूनमधून झटके येऊ लागले. झटका कधी येईल याचा नेम नसायचा. त्याला एकट्याला सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात माणसं तीन. सोनाली, चेतन आणि त्यांची आठवीतली मुलगी हर्षदा. त्यामुळे दोघींपैकी एकीने घरी असायलाच हवं. सोनाली भाजीला, रेशनला, साड्यांवर खडे चिकटवायचं काम आणायला जायची तेव्हा हर्षदा थांबायची. हर्षदा शाळेत असली की सोनाली. आणि रविवारी दुपारी सोनाली थांबायची, कारण हर्षदा दलात जायची. तेवढे दोन तास पोरीचे. त्यात काही झालं तरी सोनाली खोडा घालत नसे.

मालतीबाईंचा सत्कार करायचं ठरलं. जुन्या पोरींचा व्हॉट्सअॅप ग्रुप दिवसभर वाजू लागला. कुणी जुने फोटो टाकले, कुणी 'बाई नसत्या तर मी आज नर्स नसते' असं लिहिलं. भाषण सोनालीने करायचं हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. त्या आठवड्यात एका संध्याकाळी मालतीबाई स्वतः तिच्या खोलीवर आल्या. काठी टेकत, एक डोळा अर्धा मिटलेला, त्याने दिसेनासं झालेलं. सोनाली चेतनला भरवत होती. भात त्याच्या ओठाच्या कडेने ओघळत होता आणि ती पदराने पुसत होती. बाई उंबऱ्याशी बसल्या, पाणी प्यायल्या, चेतनची विचारपूस केली. काहीतरी विचारायला त्या आल्या होत्या, ते सोनालीला दिसत होतं. पण बाई खोलीभर नजर फिरवत राहिल्या आणि शेवटी "येते गं" म्हणून उठल्या.

सत्कार गोडादऱ्यातल्या समाजाच्या लग्नाच्या वाडीत, म्हणजे हॉलमध्ये, झाला. उधना, बारडोली, वापी, पार नंदुरबारहून जुन्या पोरी आल्या. आता त्या बायका झाल्या होत्या. कडेवर पोरं, हातात पर्स, केसांत गजरे. त्या दिवसापुरत्या शेजारच्या शोभाबाई चेतनपाशी बसल्या होत्या. शाल झाली, श्रीफळ झालं. सोनालीने दिव्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. बाई खुर्चीत शाल सावरत बसल्या होत्या. स्तुती ऐकताना त्यांना अवघडल्यासारखं होत होतं.

शेवटी आताच्या पोरी उभ्या राहिल्या. त्या महिन्याची प्रमुख हर्षदा होती. तिने फक्त आभार मानायचे होते. आभार मानून झाले, पण तिने माइक सोडला नाही.

"आम्हाला एक विचारायचंय," ती म्हणाली. "शेडची किल्ली सेक्रेटरी काका मोठ्या बाईशिवाय देणार नाहीत. ते म्हणतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? बाई तर जाताहेत. रविवारी दोन तास कुणीतरी मोठं पाहिजे. काही शिकवायला नको, नुसतं बसायला. तुम्ही सगळ्या दलातल्याच आहात. कोण येईल?"

कुणी पोराचा मोजा वर ओढला, कुणी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. खोटं कुणीच वागत नव्हतं. जिला तिला घर होतं, कामाची पाळी होती, सासू होती, लांबचा रस्ता होता. हर्षदा सगळ्यांकडे बघत होती. आईकडे मात्र तिने एकदाही बघितलं नाही. घरची गत तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? म्हणूनच ती नजर टाळत होती, आणि नेमकं तेच सोनालीला सहन होईना.

तिने हात वर केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सबंध कार्यक्रमात वाजल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या तेव्हा वाजल्या. बायका उठून तिला मिठी मारू लागल्या. "शेवटी सोनालीच!" मालतीबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. गर्दी पांगल्यावर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"सोने, चेतनपाशी कोण बसेल?"

"शोभाबाई बसतील."

"विचारलंस त्यांना?"

"विचारते ना बाई."

"कुणीतरी हात वर करावा असं मलाही वाटत होतं," बाई म्हणाल्या. "पण तू करू नयेस, असंही वाटत होतं."

दोन दिवसांनी त्यांचा मुलगा योगराज आला आणि त्यांना घेऊन गेला.

शोभाबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "दोन घटकांचं तर काम. मी बसते, तू जा पोरींकडे," म्हणाल्या. सोनालीने त्यांना सगळं समजावून दिलं. झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घाबरायचं नाही, मला फोन करायचा.

पहिल्या रविवारी सोनालीने किल्ली घेतली आणि हर्षदाबरोबर शेडकडे निघाली. मायलेकी दोघी मिळून कुठे निघाल्या, असं किती दिवसांत घडलं नव्हतं. हर्षदा वाटेत गुजराती, हिंदी, मराठी सगळं एकत्र करून बोलत होती, थांबतच नव्हती. शेडमध्ये नऊ पोरी आल्या. सोनाली मागे भिंतीला टेकून बसली. पोरींनी पहिला विषय काढला तो एका मैत्रिणीचा. तिची शाळा घरच्यांनी बंद केली होती. तिच्या घरी जायचं का, कुणी जायचं, काय बोलायचं, यावरून खडाजंगी सुरू झाली. "तिच्या पप्पांना सांगू, की फी आम्ही..." "फीचं नाही गं ते, तिचं लहान भावंड कोण सांभाळणार, त्याचं आहे!" सोनालीच्या ओठांपर्यंत दोनदा शब्द आले. तिने ते गिळले. बाई इतकी वर्षं गप्प कशा बसल्या असतील, हे तिला त्या दिवशी कळलं. आणि गप्प बसून एवढं बरं वाटतं, हेही.

पोरींचं ठरत आलं होतं, तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून शोभाबाईंचा नुसता आवाज येत होता, शब्द लागत नव्हते.

सोनाली चपला न घालताच धावली. मागे हर्षदा. खोलीच्या दारात बायकांची गर्दी झाली होती. चेतन खाटेखाली पडलेला, भुवईवर खोक पडून तोंडभर रक्त, अंग अजून थरथरत होतं. शोभाबाई कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभ्या. वळवायला त्या पुढे झाल्या होत्या, पण त्याचं ते जड, ताठ झालेलं शरीर त्यांच्या हातून निसटलं. त्या वयाने साठीच्या पुढच्या, हाडं काटक्यांसारखी. त्यांचा तरी काय दोष?

टाके पडले. दवाखान्यातून परत आणल्यावर शोभाबाई आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. "सोना, मला रागव. पण हे पुन्हा माझ्याच्यानं नाही होणार गं."

"नाही हो, तुम्ही केलंत तेच खूप," सोनाली म्हणाली.

त्या संध्याकाळी ती चेतनचं अंग पुसत होती. तो छताकडे बघत होता. जड जिभेने एकेक शब्द काढत तो म्हणाला, "माले खाटले बांधी दे. अन् तू जाय."

"काहीतरीच काय बोलता!"

"बांधी दे," तो पुन्हा म्हणाला. डाव्या हाताने त्याने खाटेची पट्टी दाखवली, कुठे बांधायचं ते. सोनालीने त्याचा तो हात धरून पांघरुणाखाली घातला. तो रडू लागला. रडतानाही त्याच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत होती.

हर्षदाला घरी बसवून आपण दलात जायचं, हे सोनालीला पटेना; तिने ग्रुपवर लिहिलं. घडलं ते सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. 'निदान आळीपाळीने कुणी येऊ शकेल का?' असं विचारलं. जोडलेले हात आले, 'काळजी घे गं' आले, 'वाईट वाटलं' आले. वापीची एक म्हणाली, महिन्यातून एकदा जमवते. आणि ती एकदा आलीही. वस्तीच्या तोंडाशी गाडी लावून घाईघाईने शेडमध्ये बसली, पण अर्ध्या तासात घरून फोन आल्याने तिला उठावं लागलं. उधन्याची एक जण येते येते म्हणत राहिली. सेक्रेटरीने दोनतीन आठवडे वाट बघितली. मग तो दारात येऊन म्हणाला, "बेन, किल्ली आपी दो. समजो ने. मलाही वर उत्तर द्यावं लागतं." सोनालीने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

पोरींनी तरीही सोडलं नाही. एका रविवारी त्या सोनालीच्या खोलीबाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या. सोनाली आत चेतनपाशी, दार उघडं. तिला वाटलं, जमेल असं. पण पोरींचे आवाज चढले तशी वरच्या मजल्यावरून घरमालकीण ओरडली. दोन पोरींचे वडील येऊन त्यांना घेऊन गेले. रस्त्यात बसून कसलं दल, म्हणाले. पुढच्या रविवारी चौघी आल्या. त्या वेळी चेतनला नुकतंच अंथरुणात झालं होतं. सोनाली त्याला धूत होती. तिने लाजेने दार लोटून घेतलं. बाहेर हर्षदा पोरींना हळू आवाजात काहीतरी सांगत होती. पोरी उन्हात थोडा वेळ थांबल्या. मग त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीतून लांब गेला. शाळा सुटलेल्या त्या मैत्रिणीकडे कुणी गेलं नाही. ती घरच्यांबरोबर गावी गेली, असं नंतर कळलं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मालतीबाईंचा फोन आला. दुसऱ्या डोळ्याचंही दिसेनासं झालं होतं. फोन योगराजच्या बायकोने लावून दिला होता. सोनालीने चेतनच्या तब्येतीचं सांगितलं, साड्यांच्या कामाचं सांगितलं, सुरतेत अजून उकडतंय म्हणाली. बाई "हं, हं" करत होत्या. दलाबद्दल त्या विचारत नव्हत्या, आणि न विचारण्यातच त्यांचं सगळं विचारणं होतं. सोनालीला कुठून सुरुवात करावी कळेना. "बाई..." ती म्हणाली.

हर्षदाने तिच्या हातातून फोन घेतला.

"बाई, मी हर्षदा बोलतेय. हो, बरी आहे. दल ना? चालू आहे ना! दर रविवारी बसतो आम्ही. हो, शेडमध्येच. नऊ जणी होतो, आता अकरा झाल्या." सोनाली तिच्याकडे बघत राहिली. पोरीचा आवाज जरासुद्धा कापत नव्हता. माइकवर बोलली होती तसाच तो स्वच्छ, ठाम होता. "नाही, काही अडचण नाही. तुम्ही डोळ्यांत औषध घालता ना वेळेवर?"

पलीकडून बाई काय म्हणाल्या ते सोनालीला ऐकू आलं नाही. हर्षदा बराच वेळ ऐकत राहिली. मग "हो बाई" म्हणाली, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" सोनालीने विचारलं.

"काही नाही. खोटं बोलताना तुझा आवाज अगदी आईसारखा होतो, वाडीत 'शोभाबाई बसतील' म्हणाली होती तसा, असं म्हणाल्या."

ती आत गेली. पप्पांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. सोनाली पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि दोघींनी मिळून त्याला वळवलं.