आधी अंडं, मग सुई

माझ्या सासऱ्यांनी अकरा वर्षांत माझ्या हातचा एक घास नावं ठेवल्याशिवाय गिळला नाही. भाजी अळणी, भात गिचका, चहा म्हणजे गरम पाणी. कुत्र्याला मात्र ते ‘बाळ’ म्हणत आणि पहिला घास स्वतःच्या हाताने भरवत. सासूबाई गेल्यापासून त्यांना तेवढाच एक जीव उरला होता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

बाळाच्या मागच्या पायाची जखम चिघळली. दहा दिवस रोज एक इंजेक्शन. सासऱ्यांचे हात थरथरतात, म्हणून टोचायचं काम माझ्याकडे आलं. जनावरांच्या डॉक्टरांनी मला बजावलं, "आधी टोचा, मग लगेच खाऊ द्या. उलटं केलंत तर खाऊ बघूनच घाबरेल."

घरी येऊन मी सांगितलं, "बाबा, आधी तुम्ही अंड्याचा तुकडा भरवा, मग मी टोचते. डॉक्टर म्हणालेत."

डॉक्टरांचा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. चूक माझीच. कुत्रं अंडं गिळून, तोंड चाटून, खिडकीपाशी जाऊन बसेपर्यंत मी सुई भरत राहायचे. इतक्या वेळाने त्याला कशाचा कशाशी संबंध लागणार? तिसऱ्या दिवशी मी सुई आधीच भरून त्याच्या मागे बसले. तुकडा जिभेला लागला रे लागला की टोचायची.

पाचव्या दिवशी त्याने अंडं तोंडातून टाकलं. सातव्या दिवशी सासऱ्यांचा हात पुढे आला की तो पलंगाखाली. इंजेक्शनं संपली, जखम भरली, तरी तो त्यांच्या हातचं पाणीसुद्धा पिईना. मी ठेवलेली ताटली मात्र चाटूनपुसून साफ करायचा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सासरे गुडघे टेकून पलंगाखाली हात घालायचे. "ये रे बाळा." आतून गुरगुर.

एका सकाळी तसेच बसून त्यांनी मला विचारलं, "माझं काय चुकलं गं?"

एका वाक्यात सांगता आलं असतं.

"तुमचं काही नाही हो, बाबा. माणूस थकत आलं की जनावराला वासावरून कळतं म्हणतात. मग ते जवळ येत नाही."

त्यांनी बोटं नाकाशी नेऊन हुंगली. भिंतीला धरून उठले, साबणाने दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, आणि येऊन पुन्हा पलंगाखाली घातले.