बोटभर

अकोल्याच्या बाजार समितीत खुशालराव मापाऱ्याच्या काट्यावर कुणी संशय घेतल्याचं अठ्ठावीस वर्षांत ऐकिवात नाही. तूर असो की हरभरा, आकडा स्थिरावल्याशिवाय हा माणूस तोंड उघडायचा नाही. व्यापारी चिडायचे, शेतकरी दुवा द्यायचे. मापात पाप त्याच्या रक्तातच नव्हतं. फक्त एका बाबतीत गडी सात वर्षं बिनदिक्कत खोटं सांगत आला होता, आणि ती बाब म्हणजे त्याची लेक, रागिणी.

रागिणी सतरा वर्षांची असताना अमरावतीच्या हॉकी स्पर्धेत तिने तीन सामन्यांत अकरा गोल ठोकले. पेपरात फोटो आला, खाली छापलं होतं, 'ही मुलगी भारताकडून खेळणार'. खुशालरावांनी ते कात्रण लॅमिनेट करून काट्याच्या वर टांगलं आणि भेटेल त्याला चहा पाजला. मग पुण्याला राज्याचा संघ निवडला गेला. यादीत रागिणी नव्हती.

"राजकारण झालं," खुशालरावांनी जाहीर केलं. "वऱ्हाडच्या पोट्टीले कोन घेते?"

रागिणीने मात्र घरात पाऊल टाकताच सांगितलं होतं, "राजकारण नाही झालं, बाबा. मीच कमी पडली." कारणही सांगितलं होतं. बापाने ते कानाआड केलं, कारण त्यात त्याचाच हात निघत होता.

पुढे रागिणी जठारपेठेतल्या आपल्याच जुन्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. यंदा तिने समितीची परवानगी काढली आणि रोज सकाळी सहाला, लिलावाच्या आधी, आपल्या मुलींना समितीच्या लांबलचक सिमेंटच्या ओट्यावर खेळवू लागली.

"मैदान सोडून इथं काहून?" खुशालरावांनी विचारलं.

"मैदानावर मुरूम आहे म्हणून."

खुशालरावांचा चेहरा उतरला. वऱ्हाडची काळी माती. पावसाळ्यात मैदानात पाय रुतायचे. लेकीचा खेळ बंद पडू नये म्हणून चार ट्रॉल्या मुरूम त्यांनीच तर टाकून घेतला होता.

रागिणीने बापाच्या हातात स्टिक दिली आणि तिच्या टोकाखाली आपलं बोट आडवं धरलं. "मुरमावर चेंडू उसळते. म्हणून मी लहानपनापासून स्टिक एवढी वर धरायची. पुण्याले टर्फ होतं, सपाट नकली गवताचं. तिथं चेंडू सरपटत येते. चार खेपा माह्या स्टिकखालून गेला. मले खाली वाकता आलंच नाही. सिमेंटवरबी चेंडू तसाच येते."

"म्हंजे खरंच माह्याच मुरमानं..."

"मुरूम नसता तं मी खेळलीच नसती, बाबा," रागिणी म्हणाली, आणि मुलींवर ओरडायला पळाली, "खाली! स्टिक टेकव, आरती!"

ही आरती चौदा वर्षांची, हमालाची पोर. दिवाळीनंतर ती टर्फवर राज्याच्या चाचणीला गेली आणि तिचं नाव यादीत आलं. समितीने त्याच ओट्यावर सत्कार ठेवला. हार घालून अडते मनोजराव माइकवर म्हणाले, "आमच्या रागिणीसंगं राजकारण झालं, तसं हिच्यासंगं नको व्हायले. खुशालराव, बोला दोन शब्द."

रागिणीने मान खाली घातली. सात वर्षं तिने हे ऐकलं होतं आणि चारचौघांत बापाला कधी खोटं पाडलं नव्हतं. पण आज समोर आरती बसली होती, आणि पुढेमागे तीही कधी कमी पडली, तर काय म्हणायचं, हे ती आत्ता शिकणार होती.

खुशालराव माइकपाशी गेले. आकडा स्थिरावायची वाट पाहावी तसे लेकीकडे बघत राहिले.

"राजकारण-गिजकारण काही झालं नोतं. माही पोट्टी कमी पडली. किती? एवढी." त्यांनी बोट आडवं धरलं. "मुरूम मीच टाकला होता, म्हणून लपवत होतो. तिनं त्याच दिवशी बरोबर माप सांगतलं होतं. अन् हे एवढं जे कमी पडलं, ते तिनं या आरतीत पुरं भरून देल्लं. या यार्डात मले सारे पक्का मापारी म्हनता. माह्याहून पक्की मापारी माह्या घरात आहे."

रागिणीने पुढे होऊन त्यांची बाही ओढली.

"बसा आता, बाबा," ती कशीबशी म्हणाली. "लिलावाची वेळ झाली."

"थांब न," खुशालराव म्हणाले. त्यांचं बोट अजून हवेत आडवंच होतं. "सात वर्षांनं खरं सांगून राहिलो, ऐकू दे लोकाइले."