पत्र्याखालची निर्जळी

निजामाच्या जुन्या राज्याची भाषावार वाटणी होऊन सात महिने झाले, तरी एकनाथरावांच्या हवामान कचेरीतली दप्तरांची वाटणी संपली नव्हती. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यानं तिथल्या जिल्ह्यांच्या नोंदी मुंबईला पाठवायच्या होत्या, म्हणून ते चाळीस वर्षांच्या तापमानाच्या आकड्यांच्या नकला करत होते. थंडीचे आकडे एखाद्या साली खाली, एखाद्या साली वर असे हेलकावत. पण उन्हाळ्याच्या रात्रींचा पारा अलीकडे पूर्वीइतका उतरतच नव्हता.

ज्येष्ठातल्या दशमीला सकाळी गौलीगुडा मोहल्ल्यातल्या घरी जेवताना त्यांनी हे आईला, भामाबाईंना, सांगितलं.

"माय, आता रात्रीसुद्धा गार पडंना. जयवंताला खाली झोपू दे. अन् तिची उद्याची एकादशीची निर्जळी यंदा राहू दे."

जयवंता त्यांच्या धाकट्या भावाची विधवा. वय सत्तावीस. उन्हाळ्यात घरची मंडळी गच्चीवर झोपत; विधवेनं उघड्यावर निजू नये म्हणून ती मात्र गच्चीवरच्याच पत्र्याच्या खोलीत, दार लावून.

"तुझे आकडे कचेरीत ठेव," भामाबाई म्हणाल्या. "मीबी विधवाच हाय. माझी निर्जळी कधी चुकली का?"

ते खरंच होतं. फक्त भामाबाई एकादशीचा दिवस खालच्या काळोख्या खोलीत, वाळ्याच्या पडद्यामागे काढत, अन् जयवंता वर पत्र्याखाली. एकनाथराव जेवण उरकून उठले. हात धुऊन कचेरीत गेले.

एकादशीला दुपारी त्यांची बायको पद्मावती वर गेली, तर जयवंता जमिनीवर पडलेली. अंग भट्टीसारखं, घामाचा थेंब नाही, तोंडानं असंबद्ध बडबड. पद्मावती धावत पाणी आणायला गेली. जिन्यात सासू आडवी आली.

"उद्या पारणं होऊ दे, मग पाज पाणी. तिचं पुण्य तू बुडवू नको."

"आत्याबाई, ती शुद्धीत नाही."

"वारा घाल. शुद्धीवर येईल."

आणि पद्मावतीनं ऐकलं. अर्धा तास ती पंख्यानं वारा घालत बसली. बडबड थांबली तेव्हा ती घाबरून शेजारच्या रझियाबींना हाका मारू लागली. त्या बादली घेऊनच आल्या.

"हटो तुम. पयले बदन ठंडा करो, मर जाती ना बच्ची."

त्यांनी बादली जयवंताच्या अंगावर ओतली, रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण मेंदूला झळ बसली आहे. लवकर आणायला हवं होतं.

"तो अर्धा तास माझ्यामुळं गेला," पद्मावती नवऱ्याला म्हणाली.

"माझ्याकडं तर चाळीस वर्षांचे आकडे होते. मी एकदा बोललो अन् जेवून कचेरीत गेलो."

जयवंता घरी आली ती अडखळत बोलणारी, उजवा हात थरथरणारी. भामाबाईंनी कधी चूक कबूल केली नाही. पण तिच्या हातात पेला ठरेना, तेव्हा त्याच तो धरू लागल्या.

पुढच्या ज्येष्ठात दशमीच्या संध्याकाळी नवरा-बायको, उद्या घरातल्या विधवेला निर्जळी करायला लावू नका हे सांगायला, ओळखीच्या मराठी घरांतून फिरायला निघाले. जयवंता म्हणाली, "मी... येते." दोन घरांत लोकांनी चहा पाजला आणि विषय टाळला. तिसऱ्या घरी, अफझलगंज मोहल्ल्यात, प्रतापरावांनी दारातच अडवलं. त्यांची बहीण दोन वर्षांपूर्वी विधवा झाली होती.

"आमच्या घरची रीत आहे, एकनाथराव. अन् उपास ती आपखुशीनं करते."

"तिला... बाहेर... बोलवा," जयवंता म्हणाली. एकेक शब्दाला तिला वेळ लागत होता, आणि प्रतापरावांना तेवढा वेळ थांबावं लागलं. "मी... विचारते... तिला."

प्रतापरावांनी दार लोटायला हात पुढे केला. पण आतून त्यांची बहीण पदर सावरत उंबऱ्याकडे चालत येत होती.