शेवटचा वळसा

गेम सुरू झाल्यावर त्रिवेणीनं पहिलं विचारलं ते हे, "पाणी कुठंय गं यात?"

शर्वरीनं आणि निखिलनं एकमेकांकडे पाहिलं. पडद्यावर त्यांच्याच गावातला कोठीचा बाजार होता. म्हणजे कोठीच, पण सगळी जांभळी आणि केशरी, धुळवडीच्या दिवशी आंघोळीआधी पकडल्यासारखी. दोन माणसं मावतील अशी ढगळ विजार घातलेली एक पोरगी चाकांच्या फळीवर उभी होती, आणि तिच्या पाठीवरच्या पिशवीत रंगाचे डबे खुळखुळत होते. मागं ढोल आणि मशीन यांचं भांडण लागावं तसं गाणं चालू होतं.

"पाणी कशाला, काकू?" निखिल म्हणाला. तो खेळ बनवण्यातला शर्वरीचा जोडीदार, पुण्याच्या घरातला. वाद घालायचा असला तरी आधी नम्रपणे प्रश्न विचारायचा.

"भिंत बघ ना केवढी घाण आहे. पान थुंकलंय तिथं. अशीवर कसं काढायचं? धुवायला नक्को?"

"आई, ग्राफिटी आहे ती. धुवून नसतात काढत," शर्वरी म्हणाली.

काचीगुड्याच्या या बिल्डिंगपुढं बावीस वर्षं रोज पहाटे त्रिवेणी सडा टाकत होती आणि मग रांगोळी काढत होती. रस्त्यावर, कुणाला न विचारता. त्यामुळं रस्त्यावर चित्रं काढणं म्हणजे काहीतरी नवीन, धाडसाचं, असं ही पोरं का समजतात ते तिला कळत नव्हतं. पण आपली पोरगी आठ महिने हा खेळ बनवण्यापायी झोपेचं खोबरं करत होती, म्हणून ती नारळाची कवड धरावी तसा कंट्रोलर धरून बसली.

फ्रिजवर, गॅसच्या बिलाशेजारी, बेंगळुरूच्या एका कंपनीचं, शर्वरीला आलेलं नोकरीचं पत्र चिकटवलेलं होतं. तिथं ते तिच्या बाबांनी, हणमंतरावांनी लावलं होतं, येता-जाता दिसावं म्हणून. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. शनिवारी एका कॉलेजच्या हॉलमध्ये गावातल्या पोरांनी बनवलेले खेळ मांडणार होते आणि कुणीही येऊन ते खेळून बघणार होतं. अट शर्वरीनं स्वतःच घातली होती. "लोकांनी पाच मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवला, तर मी बेंगळुरूला जाते. मग कुणी काही बोलायचं नाही." कुणी काही बोलत नव्हतंच. त्रिवेणी तर अजिबातच नाही, कारण पोरगी इथंच राहावी असं तिला फार वाटत होतं, आणि असं वाटण्याची तिला लाजही वाटत होती.

पडद्यावरची पोरगी भिंतीला, ठेलेवाल्याला आणि एका म्हशीला धडकत कशीबशी पुढं गेली. मागून पोलीस आला तशी त्रिवेणीनं तिला थांबवलं.

"पळा ना काकू!"

"का? मी काय केलंय? विचारू दे त्याला काय विचारायचंय ते."

पोलिसानं काहीच विचारलं नाही. त्यानं थेट पकडलं. दुसऱ्या खेपेला ती भिंतीपर्यंत पोचली. एक बटण दाबून धरलं, आणि भिंतीवर आपोआप एक मोठा मोर उमटला. सुरेख होता. शर्वरीनंच काढला होता तो, महिनाभर खपून.

"छान आहे," त्रिवेणी म्हणाली.

व्याह्यांच्या घरचा उपमा खाल्ल्यावर माणूस ज्या आवाजात छान म्हणतो, त्याच आवाजात. शर्वरी तो आवाज चोवीस वर्षं ऐकत आली होती.

"खरं सांग."

"अगं, खरंच छान…"

"आई."

मग त्रिवेणीनं सांगितलं. "पळताना मजा येतीय. पण काढायची वेळ आली की मी नुसती उभी. बटण मी दाबायचं अन् मोर दुसऱ्याच कुणीतरी काढायचा. दुसरीच्या दारची रांगोळी बघितल्यासारखं होतंय. बघायचं, अन् पुढं जायचं."

निखिलनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मग लिहिलेल्याकडं बघतच बसला. शर्वरीनं लॅपटॉप मिटला. "तुला गेममधलं काय कळतंय," ती म्हणाली, फार हळू आवाजात, आणि आत निघून गेली. ओरडली असती तर त्रिवेणीला बरं वाटलं असतं.

सकाळी सहाला त्रिवेणी खाली गेली तेव्हा लक्ष्मम्मा आधीच आपल्या दारापुढं वाकलेली होती. तळमजल्यावरची लक्ष्मम्मा तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि तिचा मुग्गू, तिची तेलुगू रांगोळी, म्हणजे गल्लीत नाव. त्रिवेणीची रांगोळी ठिपक्याला ठिपका जोडणारी. लक्ष्मम्माची रेघ ठिपक्याला शिवायची नाही. प्रत्येक ठिपक्याला वळसा घालत, डावीकडून, उजवीकडून, स्वतःलाच ओलांडत जायची आणि हात एकदाही न उचलता निघाली होती तिथंच परत यायची. त्रिवेणी वीस वर्षं तो मुग्गू शिकत होती. दरवेळी एक ठिपका राहून जायचा.

आजही राहिला. कोपऱ्यातला, एकटा, तिच्याकडं बघत.

"हात नक्को उठाव बोली थी ना," लक्ष्मम्मा म्हणाली.

"नहीं उठाई अम्मा. वहाँ मुड़ना भूल गई."

"रोज भूलते."

जिन्यात पायरीवर कुणीतरी बसलं होतं. शर्वरी. डोळे सुजलेले, हातात चहाचा कप. रात्रभर जागी असणार.

"आई, मग आता काय करणार?"

"करायचं काय? पुसायचं. उद्या परत."

"वीस वर्षं झाली. कंटाळा नाही येत?"

"कंटाळा कशाचा? एकच तर राहतोय," त्रिवेणी म्हणाली. "सगळा बिघडला असता तर कधीच सोडला असता. एकच राहतो, म्हणून दिवसभर डोक्यात फिरत राहतो. भाजी चिरताना कळतं, अरे, इथं वळायचं होतं."

शर्वरीनं कप पायरीवर ठेवला. ती आईकडं बघतच नव्हती. तिचं लक्ष लक्ष्मम्माच्या पायांकडं होतं. लक्ष्मम्मा रेघ ओढताना मागं सरकायची, बाजूला सरकायची, ओल्या जमिनीवर तिचे पाय रेघेच्या पुढं पुढं वाट काढत असायचे. हात काढत होता हे खरं, पण चालत होते ते पाय.

"लक्ष्मम्मागारू," शर्वरी म्हणाली, "फिरसे डालते क्या? एक बार. हल्लू."

लक्ष्मम्मानं फडक्यानं अर्धा मुग्गू पुसला आणि परत काढला. शर्वरी अनवाणी उतरली आणि तिच्या मागोमाग, ठिपक्यांना वळसे घालत, त्या रेघेच्या कडेकडेनं, ती न पुसता, चालली. मग चहा तसाच टाकून वर पळाली. वरून तिचा फोनवरचा आवाज आला. "निखिल, ऊठ. स्प्रेचं बटण काढून टाकायचं. चाकंच काढतील. अरे, चाकंच!"

पुढचे तीन दिवस घरात कुणी कुणाला धड उत्तर दिलं नाही. निखिल सकाळी यायचा, पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन टाइप करायचा आणि पोहे विसरायचा. आता पडद्यावरच्या चौकात ठिपके होते आणि ती ढगळ विजारवाली पोरगी फळीवरून त्यांना वळसे घालत सुटायची. तिच्या मागं चाकांमधून रंग निघायचा. थांबलं की रेघ तुटायची. रेघ सुरुवातीला येऊन मिळाली की अख्खा चौक मोरासारखा फुलायचा. पोलीस तसाच होता, फक्त आता त्याला चुकवतानाही वळसाच घालावा लागायचा.

चाचणीला त्रिवेणीच. शुक्रवारी संध्याकाळी कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी ती उठली नाही.

"वरण करपलं वाटतं," हणमंतराव दारात येऊन म्हणाले.

"बंद करा ना तेवढा. एकच राहिलाय."

तीस वर्षांच्या संसारात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून आल्यावर गॅस बंद करायची ही त्यांची पहिलीच वेळ. केला. मग येऊन मागं उभे राहिले. "डावीकडून गेली असतीस तर…" असं म्हणाले आणि आपणच दचकले.

शनिवारी हॉलमध्ये त्रिवेणी धपाट्यांचा डबा घेऊन भिंतीला टेकून बसली. पहिले दोघं आले, तीन मिनिटं खेळले, "मस्त है" म्हणून उठले. शर्वरीचा चेहरा उतरला. तिसरा तर फोन आला म्हणून निघूनच गेला. निखिल उगाचच वायरी सरळ करू लागला. त्रिवेणीला वाटलं, आपणच घोळ घातला. होता तो मोर बरा होता.

मग एक मुलगी आली. दिलसुखनगरच्या कुठल्याशा क्लासची जाडजूड पिशवी खांद्याला, ओढणी सरकलेली. नुसतीच टेकायला आल्यासारखी खुर्चीत बसली. पहिल्यांदा तिची रेघ मधेच तुटली. दुसऱ्यांदा पोलिसानं धरलं. तिसऱ्यांदा तिनं पिशवी खाली ठेवली. पाचव्यांदा ओढणी कमरेला खोचली. तोपर्यंत मागं चार जण उभे राहिले होते आणि चौघंही तिला कुठून वळायचं ते सांगत होते, प्रत्येक जण वेगळं. निखिल घड्याळाकडं बघत होता. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. अकरा झाली. चौदा.

"हो गया ना जी, उठो," रांगेतला एक जण म्हणाला. "हमकू भी देव."

"रुको ना," ती मुलगी मान न वळवता म्हणाली. "एकीच रह गया."

शर्वरीनं हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाकडं पाहिलं. त्रिवेणी डबा उघडून उगाचच धपाटी मोजत होती, कारण वर बघितलं असतं तर डोळ्यांतलं दिसलं असतं.

त्या मुलीचा वळसा काही पुरा झाला नाही. उठताना तिनं विचारलं, हे घरी कधी खेळता येईल. निखिलनं तिचा नंबर लिहून घेतला. संध्याकाळपर्यंत वहीचं पान भरलं.

सोमवारी सकाळी हणमंतरावांनी फ्रिजवरचं पत्र स्वतःच काढलं आणि चष्मा लावून टेबलाशी बसले.

"यांना नाही कसं कळवायचं गं?" त्यांनी लेकीला विचारलं. "मी आजवर साहेबांना होच लिहीत आलोय. नाहीचा नमुना नाही माझ्याकडं."

"बाबा, एक वर्षच मागतीय मी. नाही चाललं तर…"

"ते खाली लिहू. आधी आभार लिही. आभार लिहिले की नाही सोपं जातं."

त्रिवेणी तोवर खाली गेली होती. जमीन अजून ओली होती. तिनं ठिपके टाकले, चिमूट धरली आणि हात न उचलता निघाली. कोपऱ्याशी आली तेव्हा तिला आठवलं, इथं वळायचं असतं. ती वळली. रेघ फिरत फिरत परत आली. तेवढ्यात लक्षात आलं, या खेपेला दुसराच ठिपका राहिला होता, मधला.

लक्ष्मम्मा चिमूट घेऊन पुढं झाली.

"नक्को अम्मा, रहने देव," त्रिवेणी म्हणाली, आणि भाजी चिरायला वर गेली.