कडेची माणसं

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. खडूने लिहायचा नव्हे, फोटो टाचायचा. माझ्या अंगावर हिरवं कापड आहे आणि त्या कापडाची टाचण्यांनी पार चाळण झाली आहे. मंचरच्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत माझं सारं आयुष्य गेलं.

स्टुडिओ अरिहंतचा. त्याचे वडील चंपालालशेठ कापडाचे व्यापारी. त्यांनी दुकानात उरलेला एक तुकडा दिला, सुताराने तो टाचणी रुतेल अशा मऊ फळीवर ताणून बसवला, भोवती सागाची चौकट ठोकली आणि मी भिंतीवर चढलो. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील तेव्हा.

अमावास्येला लग्नं नसतात. म्हणून त्या दुपारी जुन्नर-आंबेगावातले काही फोटोग्राफर माझ्यासमोर जमत. आळ्याचा संपत, अवसरीचा हौशीराम, अरिहंत, त्याची धाकटी बहीण रिंकू आणि सगळ्यांत वडील म्हणजे ओझरचे चांगदेवअण्णा. अण्णा देवळाबाहेर भाविकांचे फोटो काढत, लग्नांचेही काढत. बाकीचे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. प्रत्येकाने आपला फोटो मला टाचायचा आणि इतरांनी त्यावर बोलायचं, ही रीत अण्णांनीच घालून दिली होती.

ते म्हणत, “आदी काय साधलंय ते सांगायचं, मंग काय निसटलंय ते. आन् सांगताना फोटूकडं बघायचं, मानसाकडं न्हाई.”

रिंकूने पहिल्यांदा हळदीचा एक फोटो लावला. नवरी खळखळून हसत होती. अण्णांनी तो बराच वेळ पाहिला.

“हसू लई झ्याक धरलंस पोरी. पन नवरीच्या डोक्यातनं ट्यूबलाइट उगवलीया. अर्धं पाऊल डावीकडं सरकली असतीस, तर गेली असती ती खांबाआड.”

सगळे हसले, रिंकूही हसली. पुढच्या अमावास्येला तिने आणलेल्या फोटोत नवरीच्या मागे नुसती पांढरी भिंत होती. अण्णांनी मान डोलावली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचा अभिमान वाटला.

अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा अण्णांनी भाविकांच्या कुटुंबाचा एक फोटो लावला. उजव्या कडेची मुलगी त्यात अर्धीच होती. घाई झाली असेल, असं सगळ्यांना वाटलं. पुढे साखरपुड्याचा फोटो आला. त्यात कडेच्या मामांचा खांदा गायब. त्यानंतरच्या फोटोत नवरीची आईच कापलेली. फोटो माझ्या अंगावर होते, मित्रांनो. कोण कुठे कापलं गेलंय ते मला दिसत होतं. समोर बसलेल्यांनाही दिसत होतं.

संपतने हौशीरामकडे पाहिलं. हौशीराम खिडकीबाहेर बघू लागला.

“अण्णांचा फोटू हाय. त्यात आपुन काय बोलायचं?” संपत म्हणाला. “एक लंबर.”

रिंकू उठून पुढे आली. “अण्णा, ही कडेची बाई…”

“रिंकू, चहा झाला का बघ,” अरिहंत मध्येच म्हणाला. ती आत गेली.

त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. सगळ्यांना अण्णांचा मान राखायचा होता. दारातून येताना अण्णांचा खांदा चौकटीला लागू लागला, बाजूला ठेवलेला कप त्यांच्या धक्क्याने सांडू लागला. “वय झालं राव,” ते म्हणत, आणि बाकीचे हसण्यावारी नेत. मला वाटे, निदान एक टाचणी सोडून द्यावी, फोटो खाली पडावा, कोणीतरी बोलावं. पण टाचणी धरून ठेवणं एवढंच मला येत होतं.

पुढे एकदा अवसरीचे रखमाजी स्टुडिओत आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो अण्णांनी काढले होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत रखमाजींची आई, सारजाबाई, वारली. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. अण्णाही तेव्हा तिथेच होते.

“ह्येच्यात आमची म्हातारी कुटं हाय?” रखमाजींनी लग्नातला एक फोटो पुढे करत विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. “व्हती की. मीच उभं केलं व्हतं तिला कडंला.”

ते शोधत राहिले. फोटोच्या कडेला लुगड्याचा थोडासा पदर आणि चार बोटं होती. अरिहंतने निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली. तिच्यातही तेवढंच होतं. रखमाजी तो फोटो घेऊन गेले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

रिंकूने अण्णांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. त्यात कडेची नजर आधी जाते आणि माणसाला ते कळतही नाही, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही. लवकर आला असतात तर पुष्कळ वाचवता आली असती.

पुढच्या अमावास्येला अण्णा रिंकूचा हात धरून आले. हे सगळं त्यांनीच सांगितलं. मग हळूच विचारलं, “तुमाला दिसत व्हतं का रं?”



“दिसत होतं, अण्णा,” रिंकू म्हणाली. “वर्षभर तरी. तुम्हाला कसं सांगायचं, हेच कळेना.”

अण्णा म्हणाले, “मी तुमच्यातलाच एक म्हनून बसत व्हतो हितं. तुमी मला देव्हाऱ्यात कवा बसवलं, ते कळलंच न्हाई.”

संपत रडू लागला. अण्णांनी त्याच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला. तो आधी खुर्चीला लागला, मग पाठ सापडली.

त्या दिवशी रिंकूचा फोटो माझ्यावर होता. अण्णा इतके जवळ आले की त्यांचा श्वास माझ्या कापडाला लागला. मान इकडून तिकडे फिरवत त्यांनी तो तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. फोटो काढताना कॅमेरा किंचित कलला होता. मला ते कळत होतं, रिंकूला कळत होतं. ती अण्णांच्या बोलण्याची वाट पाहत उभी राहिली.

“चांगला हाय,” अण्णा म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

त्यानंतर अण्णांनी कोणाचीच चूक काढली नाही आणि हळूहळू ती बैठकही मोडली. डिजिटल कॅमेरे आले, फोटो कॉम्प्युटरवर दिसू लागले. मला काढून खोक्यांमागे उभं केलं, भिंतीकडे तोंड करून. कापडाला कसर लागली आहे. त्याची मी तक्रार करत नाही.

फक्त एवढंच सांगतो, मित्रांनो. तुमच्यात कोणी वडीलधारं असेल, ज्याच्याकडून तुम्ही शिकलात, तर त्याच्या कामाकडेही नीट बघा. काही निसटताना दिसलं तर त्याच्याजवळ बसा आणि मायेने सांगा. त्याला राग येईल, एखादा दिवस तो बोलणार नाही. तेवढं सोसा. रिंकू अजूनही कधीतरी या खोलीत येते, दिवा न लावता थोडा वेळ बसते आणि निघून जाते. निदान तू तरी उठून पुढे आली होतीस, एवढं तिला सांगावं असं मला फार वाटतं.